केस वाळविण्याचें महाग यंत्र घ्यावें काय?

केस वाळविण्याचें विजेचें यंत्र, ज्याला सर्वत्र हेअर ड्रायर म्हणतात, तें आतां शहरांतील पुष्कळ घरांत आढळतें. दुकानांत तें हजार रुपयांच्या आंतबाहेर मिळतें, तीन-चार हजारांना मिळतें आणि तीस हजारांहून अधिक किंमतीचेंहि मिळतें. वरवर पाहतां सर्वांचें काम एकच. एका बाजूनें हवा आंत घ्यावयाची, ती तापवावयाची आणि दुसऱ्या बाजूनें जोरानें बाहेर सोडावयाची. मग एकाच कामाच्या किंमतींत तीसपट अंतर कां असावें? विक्रेता त्याचीं दोन उत्तरें देतो. महाग यंत्रानें केसांचें आरोग्य राखलें जातें, हें पहिलें. शिवाय त्याचा घरांत इतर दहा कामांना उपयोग होतो, हें दुसरें. एखाद्या कुटुंबाच्या महिन्याच्या किराण्याहून मोठी रक्कम, बहुधा मासिक हप्त्यानें, या एका वस्तूवर खर्च व्हावयाची असेल तर हीं दोन्ही उत्तरें तपासून घेणें अगत्याचें आहे.

केसांना उबदार हवा देण्याची कल्पना मुळींच नवी नाहीं. कालिदासानें ‘मेघदूतां’त उज्जयिनीचें वर्णन करतांना, स्त्रियांच्या केशसंस्काराचा धूप गवाक्षांतून बाहेर पडतो व त्यानें मेघ पुष्ट होतो, अशी कल्पना केली आहे. न्हाल्यानंतर निखाऱ्यांवर ऊद किंवा धूप टाकून केसांना धुरी देण्याची चाल आपल्याकडील बाळंतिणीच्या खोलींत तर अगदीं अलीकडेपर्यंत होती. पाश्चात्त्य देशांत १८९० च्या सुमारास गोदफ्रॉय नांवाच्या फ्रेंच केशप्रसाधकानें एक टोपीवजा यंत्र तयार केलें. गॅसच्या शेगडीच्या धुराड्याला नळी जोडून तिच्यांतील ऊन हवा त्या टोपींत आणावयाची, अशी त्याची रचना होती. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं धूळ ओढण्याचीं विजेचीं यंत्रें आलीं. त्यांच्या मागील भोकांतून जी हवा बाहेर पडते, तिला नळी लावून अमेरिकेंत लोक केस वाळवूं लागले आणि कारखानदारांनीं तशा जाहिरातीहि दिल्या. म्हणजे एका यंत्राचा दुसऱ्याच कामाला उपयोग करण्याच्या खटपटींत केस वाळविण्याच्या यंत्राला चालना मिळाली. १९०८ च्या सुमारास बर्लिनच्या सॅनिटास कंपनीनें आपल्या यंत्राला ‘फ्योन’ हें नांव घेतलें. आल्प्स पर्वतावरून खालीं उतरणाऱ्या उष्ण व कोरड्या वाऱ्याचें तें नांव आहे. जर्मन भाषेंत आजहि केस वाळविण्याच्या कोणत्याहि यंत्राला तोच शब्द लावतात. हातांत धरावयाचीं यंत्रें १९२० च्या सुमारास बाजारांत पसरूं लागलीं. तीं धातूचीं, जड आणि अवघ्या शंभर वॉटच्या आसपास शक्तीचीं असत. आजचीं यंत्रें हजारापासून दोन हजार वॉटपर्यंतचीं असतात.

यंत्राच्या पोटांत तीन मुख्य वस्तु असतात. एक लहान पंखा, त्याला फिरविणारी मोटर आणि अभ्रकाच्या पातळ पत्र्यांवर गुंडाळलेली नायक्रोमची, म्हणजे निकल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची, तार. वीज वाहूं लागली कीं ही तार लाल होते आणि पंख्याचा वारा तिच्यावरून जातांना तापतो. यांशिवाय दोन धातूंची जोडपट्टी बसविलेली असते. उष्णता मर्यादेबाहेर गेली कीं दोन धातु कमी-अधिक प्रसरण पावल्यामुळें ही पट्टी वांकते आणि वीज तोडते. जाळींत धूळ व केस अडकून हवेचा मार्ग बुजला म्हणजे यंत्र मध्येंच बंद पडतें, तें या पट्टीमुळें. तें बिघडलें असें समजून फेंकून देण्यापूर्वीं मागील जाळी साफ करून पाहावी.

आतां पाणी वाळण्यास किती उष्णता लागते, याचा हिशेब करूं. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारें २,४०० जूल उष्णता लागते. न्हाल्यानंतर लांब केसांत शंभर ग्रॅम पाणी राहिलें आहे असें धरलें, तर तें उडून जाण्यास २,४०,००० जूल पाहिजेत. एक हजार वॉटचें यंत्र दर सेकंदास एक हजार जूल देतें. तेव्हां सगळीच उष्णता उपयोगी पडली तर हें काम चार मिनिटांत व्हावें. प्रत्यक्षांत बरीच ऊन हवा केसांना न लागतां निघून जाते आणि वेळ दुप्पट-तिप्पट लागतो. या हिशेबांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही कीं, विजेची उष्णता किंमतीवर अवलंबून नसते. सोळाशे वॉटचें स्वस्त यंत्र आणि सोळाशे वॉटचें महाग यंत्र यांना मिळणारी शक्ति सारखीच. दुसरी गोष्ट अशी कीं, केसांतील निम्में पाणी कापडानें टिपून घेतलें तर यंत्राचें निम्में काम आधींच झालें. जुन्या घरांतून न्हाल्याबरोबर केस मऊ सुती पंच्यांत गुंडाळून ठेवीत. पंच्याचें पातळ सूत पाणी चटकन् शोषून घेतें. पंचा दहा मिनिटें गुंडाळून ठेवल्यानें जें साधतें तें कोणत्याहि किंमतीच्या यंत्रापेक्षां स्वस्तांत साधतें. मात्र केस खसाखसा चोळूं नयेत, दाबून टिपावेत, कारण ओला केस घर्षणानें लवकर दुखावतो.

मग यंत्राची आवश्यकताच काय, असें कोणी विचारील. तिचें उत्तर पावसाळ्यांत मिळतें. जुलै महिन्यांत मुंबईची हवा २८ अंशांची आणि ८५ टक्के आर्द्रतेची असली, तर तिच्यांत आणखी पाणी शोषण्याची शक्ति थोडीच उरते. म्हणून केस दोन-दोन तास ओले राहतात. तीच हवा ५० अंशांपर्यंत तापविली तर तिच्यांतील पाणी तेवढेंच राहूनहि तिची सापेक्ष आर्द्रता २६ टक्क्यांच्या जवळपास उतरते. म्हणजे यंत्र हवा नुसती ऊन करीत नाहीं, तर ती पाण्याला तहानेली करतें. कोंकणपट्टींतील पावसाळ्यांत, सकाळीं न्हाऊन नोकरीवर जाणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीनें हा फायदा खरा आहे. परंतु तो हजार रुपयांच्या यंत्रानेंहि मिळतो.

महाग यंत्रांत अधिक काय असतें, तें आतां पाहावें. या वर्गांतील सर्वांत प्रसिद्ध यंत्र डायसन या ब्रिटिश कंपनीनें २०१६ सालीं बाजारांत आणलें. त्याची मोटर मुठींत बसविलेली आहे आणि ती मिनिटाला १,१०,००० फेरे घेते. साध्या यंत्राच्या मोटरींत विजेचा स्पर्श घडविणारे कार्बनचे ठोकळे असतात व ते घासून झिजतात. या मोटरींत ते नाहींत, वेगाचें नियंत्रण इलेक्ट्रॉनिक मंडलाकडे आहे. शिवाय बाहेर पडणाऱ्या हवेचें उष्णतामान दर सेकंदास वीस किंवा अधिक वेळां मोजून तें मर्यादेंत ठेवण्याची योजना आहे. मोटर मुठींत असल्यानें भार हातावर येतो, मनगटाला ओढ कमी बसते. आवाजाचा कर्कशपणाहि कमी होतो. हे सर्व गुण खरे आहेत आणि त्यांना पैसा पडतो. मात्र अशाच वेगाच्या मोटरी घातलेलीं यंत्रें अलीकडे चिनी कारखान्यांतून अर्ध्याहून कमी किंमतींत येऊं लागलीं आहेत, हेंहि ध्यानांत ठेवावें. किंमतीचा कांहीं भाग यंत्राचा असतो आणि कांहीं भाग नांवाचा.

वेष्टणावरील दुसरा मोठा शब्द म्हणजे ‘आयन’. यंत्रांतून ऋण विद्युत्कण सुटतात, ते पाण्याच्या थेंबांचे बारीक तुकडे करतात आणि त्यामुळें केस लवकर वाळतात, असें सांगतात. थेंबांच्या या तुकड्यांना समाधानकारक पुरावा नाहीं. कोरड्या हवेंत विंचरतांना केसांवर जो विद्युद्भार सांचतो आणि केस एकमेकांपासून दूर उभे राहतात, तो भार हे कण कमी करूं शकतात, एवढें मान्य करण्यासारखें आहे. दिल्लीच्या किंवा नागपूरच्या कोरड्या हिंवाळ्यांत त्याचा थोडा उपयोग होईल. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेंत हा भार मुळांतच फारसा सांचत नाहीं. तेथें केवळ त्या शब्दासाठीं अधिक पैसे मोजणें व्यर्थ होय.

केसांच्या आरोग्याचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. केस हा केराटिन नांवाच्या प्रथिनाचा असून त्याच्यावर माशाच्या खवल्यांसारखें पातळ आवरण असतें. ओल्या केसाला अति उष्णता लागली तर आंतील पाण्याची एकदम वाफ होते, केसांत बारीक बुडबुडे पडतात आणि केस त्या जागीं तुटूं लागतो. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय निबंधांत अशाच एका स्त्रीचें उदाहरण आहे. तिचें यंत्र प्रमाणाबाहेर तापत होतें. संशोधकांनीं निरोगी केसांवर प्रयोग करून पाहिला, तेव्हां १७५ अंश व त्याहून अधिक उष्णतेच्या हवेनें तसेच बुडबुडे उत्पन्न झाले. तेव्हां उष्णता आटोक्यांत ठेवणारें यंत्र घ्यावें, हें म्हणणें निराधार नाहीं.

तथापि दुसरा एक प्रयोग यापेक्षांहि उद्बोधक आहे. कोरियांतील त्वचारोगतज्ज्ञांनीं २०११ सालीं तो प्रसिद्ध केला. केसांच्या बटा रोज धुवून त्यांनीं महिनाभर निरनिराळ्या रीतींनीं वाळविल्या. यंत्र १५ सेंटिमीटरवर धरलें तेव्हां हवा ४७ अंशांची होती, १० सेंटिमीटरवर ६१ अंशांची आणि ५ सेंटिमीटरवर ९५ अंशांची. जवळ धरलेल्या यंत्रानें केसांच्या आवरणाला सर्वांत अधिक इजा झाली. पण आश्चर्य असें कीं, नुसत्या हवेवर सावकाश वाळलेल्या केसांच्या आंतील, पेशींना सांधणाऱ्या थरांतहि बिघाड आढळला. केस फार वेळ ओला व फुगलेला राहिल्याचा तो परिणाम असावा, असें त्यांचें अनुमान होतें. यंत्र १५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारें सहा इंच, दूर धरून सारखें हालवीत राहणें हें आपोआप वाळूं देण्यापेक्षां कमी अपायकारक, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. प्रयोग लहान होता, पण त्याचा बोध व्यवहारी आहे. ४७ अंश आणि ९५ अंश यांतील फरक यंत्र बदलून नव्हे, नुसता हात चार इंच मागें घेऊन पडला. तीस हजारांच्या यंत्रांतील मोजणी जें काम करते, त्यांतील मोठा भाग सहा इंचांचें अंतर व फिरता हात फुकट करतात. ज्या व्यक्तीला एवढें भान ठेवणें जमत नाहीं, किंवा जिला रोज घाईंत केस वाळवावे लागतात, तिला यंत्राच्या पहाऱ्याचा उपयोग अधिक.

आतां पैशाचा हिशेब मांडूं. एका घरांत आठवड्यांतून दोनदां यंत्राचा उपयोग होतो असें धरलें, तर पांच वर्षांत ५२० खेपा होतात. तीस हजारांचें यंत्र दर खेपेस सुमारें ५८ रुपयांना पडतें. दोन हजारांचें यंत्र पांच वर्षें टिकलें तर खेपेस चार रुपयांहून कमी, आणि तीनच वर्षें टिकलें तरी साडेसहा रुपयांच्या आंत. सोळाशे वॉटचें यंत्र दहा मिनिटें चाललें तर पाऊण युनिटहि नव्हे, पाव युनिटाहून किंचित् अधिक वीज जळते. दहा रुपये युनिट धरलें तरी ती तीन रुपयांच्या आंत. म्हणून महाग यंत्र विजेंत पैसे वांचवून आपली किंमत भरून काढील, ही आशा फोल आहे. याउलट केशप्रसाधनाच्या दुकानांत रोज दहा गिऱ्हाइकें, वर्षाचे तीनशें दिवस आणि दोन वर्षें, असें धरलें तर ६,००० खेपा होतात आणि तेंच तीस हजारांचें यंत्र खेपेस पांच रुपयांना पडतें. तेथें दर डोक्यामागें वांचलेलीं तीन मिनिटें म्हणजे प्रत्यक्ष मिळकत होय. सारांश, हें धंद्याचें हत्यार आहे. शिंप्याच्या दुकानांतील मोठें यंत्र बटण लावण्यासाठीं घरीं आणण्यासारखा तो प्रकार होऊं नये.

इतर घरगुती उपयोगांचें म्हणणें मात्र पोकळ नाहीं. बरणीवरचें चिकटविलेलें नांवाचें कागद अर्धा मिनिट ऊन हवा दिल्यास डिंक मऊ होऊन अखंड निघतें. घट्ट बसलेलें धातूचें झांकण तापविलें तर तें कांचेपेक्षां अधिक फुगतें व सुटतें. दिवाळींत टेबलावरील कापडावर मेण सांडलें असतां वर टीपकागद ठेवून ऊन हवा द्यावी, वितळलेलें मेण कागद पिऊन घेतो. पावसाळ्यांत मुलांचे शाळेचे बूट आंतून वाळविण्यास, घाईच्या सकाळीं सदऱ्याची ओली गळपट्टी कोरडी करण्यास हें यंत्र फार सोईचें. चामड्याच्या बुटांना मात्र थंड किंवा अगदीं मंद ऊन हवाच द्यावी, नाहींतर चामडें तडकतें. थंड हवेच्या झोतानें शिवणाच्या यंत्रांतील कोंदटा किंवा संगणकाच्या कळांमधील धूळ निघते. पोहून आल्यावर कानांत पाणी राहिलें तर सर्वांत मंद उष्णतेवर, कानापासून बरेंच दूर धरून वाळवावें, असा सल्ला वैद्यहि देतात.

उवांविषयीं एक प्रयोग उल्लेखनीय आहे. २००६ सालीं अमेरिकेंत ऊन हवा देण्याच्या सहा रीतींची परीक्षा झाली. सर्व रीतींत शेंकडा ८८ किंवा अधिक लिखा मेल्या, परंतु जिवंत उवा मारण्याचें फळ रीतीगणिक पुष्कळ कमी-अधिक आलें. तेव्हां घरच्या यंत्रावर विसंबून फणी व औषध सोडूं नये, आणि मुलाच्या टाळूवर तर ऊन झोत एका जागीं कधींच धरूं नये.

हीं सर्व कामें कोणत्या यंत्रानें होतात? हजार रुपयांच्या. बरणीवरच्या कागदाला उष्णतेची सेकंदा-सेकंदाची मोजणी नको असते. किंबहुना धुळीचीं व चिकट कामें स्वस्त यंत्राकडेच द्यावींत, कारण महाग यंत्राची बारीक जाळी त्यांनींच लवकर बुजते. अर्थात् ‘दहा कामें होतात’ हा युक्तिवाद यंत्र घेण्याच्या बाजूचा असेल, पण महाग यंत्र घेण्याच्या बाजूचा नाहीं.

कांहीं कामें मात्र वर्ज्य समजावींत. पाण्यांत पडलेल्या भ्रमणध्वनीला ऊन हवा देऊं नये, ओल आंत ढकलली जाते आणि आंतील भाग तापून बिघडतात. शीतकपाटांतील बर्फ वितळविण्यास यंत्र वापरूं नये, तेथें विजेजवळ पाणी सांचतें. दार उघडें टाकून आंत ऊन पाण्याचें भांडें ठेवलें म्हणजे तें काम निर्वेध होतें. शेगडीचे निखारे फुलविण्यास फुंकणी व विंझणाच बरा, कारण ठिणग्या यंत्राच्या तोंडांत शिरतात. स्पिरिट, रंग किंवा पेट्रोल यांच्या वाफा असतील तेथें लाल झालेली तार नेणें म्हणजे आग ओढवून घेणें होय. ओलें झालेलें विजेचें बटण या यंत्रानें वाळविण्याचा प्रयत्न तर कोणीहि करूं नये, वायरमन बोलवावा.

शेवटीं सुरक्षिततेविषयीं, कारण जिवाचा प्रश्न येथेंच आहे. यंत्राचें बटण बंद असलें तरी तार जोडलेली असेल तर आंतील कांहीं भागांत वीज असूं शकते. म्हणून बंद यंत्रहि पाण्यांत पडलें तर प्राणघातक ठरतें. याच कारणानें अमेरिकेंत पाण्यांत पडतांच वीज तोडणारा विशेष प्लग या यंत्रांना आवश्यक ठरविण्यांत आला, आणि २०११ सालीं तेथील सरकारी आयोगानें असें संरक्षण नसलेलें यंत्र धोकादायक माल म्हणून जाहीर केलें. आपल्याकडील पुष्कळ यंत्रांना असा प्लग नसतो. तेव्हां न्हाणीघरांत यंत्र नेऊं नये, काम होतांच प्लग काढावा, आणि घराच्या मुख्य फळीवर ३० मिलिॲंपियरला वीज तोडणारें संरक्षक बटण आहे कीं नाहीं तें पाहावें. दुसरी गोष्ट प्लगच्या जागेची. २३० व्होल्टवर सोळाशे वॉटचें यंत्र सुमारें ७ ॲंपियर वीज ओढतें, आणि घरांतील लहान प्लगची जागा ६ ॲंपियरचीच असते. असें यंत्र मोठ्या, १६ ॲंपियरच्या जागींच लावावें. जोडपट्टी लावून लहान जागेंत बसविल्यास ती तापून वितळते. बाराशे वॉटचें यंत्र ५.२ ॲंपियर घेतें आणि लहान जागेंत चालतें. लहान मोठ्या प्लगचा हा साधा भेद दुकानांत क्वचितच सांगतात.

तात्पर्य असें कीं, ज्यांचा धंदा केशप्रसाधनाचा आहे, ज्यांचे केस दाट व लांब असून रोज न्हावें लागतें, किंवा ज्यांचें मनगट जड यंत्र पेलूं शकत नाहीं, त्यांनीं महाग यंत्राचा विचार अवश्य करावा. आठवड्यांतून दोनदां केस वाळविणाऱ्या घरास दीड-दोन हजारांचें यंत्र पुरेसें आहे. मात्र त्यांत उष्णतेच्या दोन-तीन पायऱ्या, थंड हवेचें स्वतंत्र बटण, काढून धुतां येणारी जाळी आणि आय. एस. आय. चें चिन्ह असावें. उरलेले अठ्ठावीस हजार घरांतच राहतील. त्यांतून मुख्य फळीवरील संरक्षक बटण नसेल तर तें आधीं बसवून घ्यावें आणि दोन चांगले सुती पंचे विकत आणावेत.